कहलचे मासे

नोव्हेंबर लागला की किलडर्मा गावच्या पुलावर माणसं रेंगाळायची. खाली बंधाऱ्यावरून पाणी फेसाळत पडायचं आणि समुद्रातून परतलेले साल्मन त्या पाण्यावर उड्या घ्यायचे. दहातला एखादा वर चढायचा, बाकीचे आपटून पुन्हा खाली. कुणीतरी कठड्यावर कोपरं टेकून म्हणायचं, "आले बघ कहलचे मासे." डेलिया लिडन जवळपास असली तर म्हणणारा आवाज उतरवून टोपीला हात लावायचा. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर फादरही तेच म्हणायचे. परगावच्या कुणी विचारलंच, कहल कोण, तर त्याला बाजूला घेऊन सांगायचे.

कहल हा फेस्टी आणि डेलियाचा एकुलता एक मुलगा. ओवनरू नदीला वरच्या अंगाला स्रूहान नावाचा ओढा मिळतो. जमिनी सुकवायच्या म्हणून कधीकाळी तो ओढा यंत्रांनी सरळ खणून काढला होता. तळातले गोटे उपसून काठावर टाकले, आणि तिथे अंडी घालायला येणारे मासे दिसेनासे झाले. फेस्टीला ते सोसलं नाही. त्याने घरामागच्या झऱ्यावर एक शेड उभी केली. हिवाळ्याच्या तोंडाला बंधाऱ्याशी जाळं लावून नर-माद्या धरायच्या, अंडी काढून शेडमधल्या ट्रेमध्ये पसरायची, त्यांवरून झऱ्याचं पाणी खेळवत ठेवायचं आणि वसंतात पिल्लं नेऊन स्रूहानमध्ये सोडायची. असं त्याचं चाललं होतं.

अशाच एका नोव्हेंबरात कहल जाळं ओढायला बापाबरोबर गेला. कॉलेजातून शनिवार-रविवारपुरता घरी आला होता. डोंगरात पाऊस झालेला होता, नदी चढत होती. पलीकडच्या काठावर त्याचा पाय सटकला. दोरीचं दुसरं टोक फेस्टीच्या हातात होतं.

लोकांना वाटलं, आता फेस्टी शेडला कुलूप लावणार. पण त्या दिवशी आधीच धरलेल्या माद्यांची अंडी ट्रेमध्ये होती. घरात मयताला माणसं भरली होती, शवपेटीपाशी जपमाळ चालली होती, आणि फेस्टी मधूनच उठून मागे जाई, हात पाण्यात बुडवून पाणी गार आहे ना ते बघे आणि परत येऊन बसे. डेलियाने ते पाहिलं.  वसंतात ती पिल्लं सोडायला सगळा गाव ओढ्यावर गेला, फादरनी पाण्यावर क्रूसाची खूण केली. तेव्हापासून ते कहलचे मासे झाले.

डेलियाला त्या शेडचा राग होता. तिथल्या ओलीचा वास नवऱ्याच्या स्वेटरला यायचा तोही तिला नकोसा व्हायचा. तरी दर हिवाळ्यात ती ट्रे घासायची आणि मेलेली पांढरी अंडी चिमट्याने निवडून काढायची. नवरा वाकून वाकून थकलेला दिसायचा, म्हणून. आणि एक गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. नोव्हेंबरात दुकानातून येताना तीही पुलावर थांबायची, आणि एखादा मासा बंधारा चढून वर गेला की मनात म्हणायची, गेला बाई एक.

त्यालाही वीस-बावीस वर्षं झाली. एका जूनमध्ये विद्यापीठातून कीवा नावाची मुलगी आली. ओवनरूला मिळणाऱ्या झाडून सगळ्या ओढ्यांतली पिल्लं तिला तपासायची होती. छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून ती पाण्यात उतरायची, विजेचा हलका झटका देऊन पिल्लं गुंगवायची, बादलीत घ्यायची, एकेकाच्या पोहायच्या पराचं टोक कात्रीने कापून औषधाच्या नळीत टाकायची आणि मासा शुद्धीवर आला की सोडून द्यायची. स्रूहानला काम असलं की जेवायला लिडनांकडे यायची. डेलियानेच सांगितलं होतं तसं.

"दुखत असेल की गं त्यांना," डेलिया ब्रेड कापता कापता म्हणाली.

"अगदी बारीक टोक घेतो. फेस्टींच्या नखाएवढंसुद्धा नाही."

"माझी नखं बघितलीस का?" फेस्टीने हात टेबलावर पसरले. "तेवढ्यात अख्खा मासा मावेल."

"आणि ती धुवायला निघाले तर पाणी खालच्या गावापर्यंत गढूळ होईल," डेलिया म्हणाली.

कीवा हसली. फेस्टीला ती आवडायची. पोर चिखलाला भीत नाही म्हणायचा. मग तो खोदून खोदून विचारायचा, त्या टोकातून कळतं काय?

"घराणं कळतं," कीवा म्हणाली. "साल्मन जिथे जन्मतो तिथेच अंडी घालायला परत येतो. म्हणजे एका ओढ्याचे मासे पिढ्यान्‌पिढ्या आपसातच. डीएनए पाहिला की हा कुठल्या ओढ्याचा ते सांगता येतं."

"डोंगरापलीकडच्या लव्हेल लोकांसारखं," फेस्टी म्हणाला. "तेही बाहेर सोयरीक करत नाहीत. कानांवरून ओळखू येतात."

"मग पॅकी लव्हेलचे कान घेऊन जा नळीत," डेलिया म्हणाली.

जेवण झाल्यावर फेस्टी तिला शेडमध्ये घेऊन गेला. अंडी काढलेल्या नर-माद्यांच्या पराचे तुकडे नळ्यांत घालून ठेवा असं विद्यापीठानेच मागे कळवलं होतं, आणि फेस्टीने वर्षानुवर्षं ते केलं होतं. आईबापांचे तुकडे त्याच्यापाशी, पिल्लांचे तिच्यापाशी. आता ताडून बघायचं तेवढं बाकी होतं. नळ्यांची खोकी तिच्या गाडीत ठेवताना तो म्हणाला, "आमचे किती निघतात ते सांगशील ना?"

"सांगेन की."

"निम्मे तरी निघावेत."

कीवा सांगायला आली ती थेट फेब्रुवारीच्या अखेरीला, सोमवारी. फेस्टी डोळे तपासायला शहरात गेला होता. त्याच्या जुन्या दोस्ताने, पॅकी लव्हेलने, त्याला गाडीतून नेलं होतं. गुरुवारी गावच्या हॉलमध्ये सभा होती, मत्स्यखात्याचा साहेब येणार होता, अहवाल वाचला जाणार होता. त्याआधी या दोघांच्या कानावर घालावं म्हणून ती एवढी गाडी हाकत आली होती. आल्या आल्या तिने कोट काढला नाही, तेव्हाच डेलियाने ओळखलं की काहीतरी वावगं आहे.

"स्रूहानमध्ये मासे आहेत," कीवा म्हणाली. "थोडे आहेत, पण धड आहेत. त्या ओढ्याचे स्वतःचे. फार जुनं घराणं आहे, डेलिया. तसले अख्ख्या ओवनरूत दुसरीकडे कुठेच सापडले नाहीत. ओढा खणला तेव्हाही ते संपले नव्हते. वरच्या डबक्यांत कुठेतरी तगून राहिले असणार."

"आणि आमचे?"

कीवाने कप दोन्ही हातांत धरला. "एकही नाही."

"एकही म्हणजे?"

"पिल्लांत नाही. मोठे होऊन परत आलेल्यांत, फेस्टींच्या नळ्यांतल्या, त्यांतही नाही. तुम्ही मासे धरत होता खालच्या नदीतले. त्यांच्या पिल्लांना वरचं पाणी मानवलं नाही. पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच गेली असणार."

"सगळी?"

"हो."

डेलियाने ब्रेडवरचं फडकं उचललं आणि परत झाकलं. "मग पुलाखाली उड्या मारतात ते?"

"ते खालच्या नदीचेच. ते तसेही आले असते."

तसेही आले असते. डेलियाने ते मनात एकदा म्हणून पाहिलं. खिडकीतून शेडचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, रोजच्यासारखा. ट्रेमध्ये या वर्षीची अंडी होती. त्यांच्यात पिल्लांचे काळे डोळे दिसू लागले होते.

"आणखी एक आहे," कीवा म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "सभेत ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. दर वसंतात एवढी पिल्लं ओढ्यात पडायची. ती मरेपर्यंत खायची तर खरी. तिथल्या पिल्लांच्या तोंडचं खाल्लं असणार. यापुढे सोडू नयेत असं लिहिलंय."

"लिहिणारच. खरं आहे ते लिहायलाच हवं."

"मी थांबते. फेस्टी आले की मीच सांगते त्यांना."

"नको," डेलिया म्हणाली. "मी सांगेन. तुझा चहा गार झाला बघ. दुसरा देते."

कीवा गेल्यावर डेलियाने दोन्ही कप विसळून ठेवले. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. ज्या शेडला कुलूप लागावं म्हणून तिने इतकी वर्षं दात आवळून वाट पाहिली, ती शेड बंद करणारा शब्द आज आयता हातात आला होता, आणि तिला तो कुठेतरी पुरून टाकावासा वाटत होता. मुलगा गेला तेव्हा गेला. पण माणसं म्हणायची, तो मासे ठेवून गेला. तिने त्या म्हणण्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता असं तिला वाटायचं. आता तो विश्वास हातातून सुटला तेव्हा कळलं की तिने तो केवढा घट्ट धरला होता.

फेस्टी आला तो खुशीत. डोळ्यांना थेंब मिळाले होते, पॅकीने वाटेत दोन पेले पाजले होते. डेलियाने बटाटे आणि हॅम वाढलं आणि म्हणाली, "कीवा येऊन गेली."

"हो? काय म्हणाली?"

"म्हणाली..." तिने चमचा खाली ठेवला. "म्हणाली मासे आहेत. स्रूहानमध्ये. धड आहेत म्हणाली."

फेस्टीचा चेहरा असा उजळला की तिच्याने तो बघवेना. "मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला. मग थोडं थांबून, हळू आवाजात, "मी म्हणतच होतो, डेलिया." आणि तो जेवू लागला. अर्धं सांगून झालं होतं, उरलेलं अर्धं सांगायच्या जागी तिने त्याला आणखी बटाटे वाढले. मंगळवारी ती पुन्हा बोलायला गेली तर तो दाराशी बसून चांगले बूट चमकवत होता. सभेला कोण कोण येईल, फादर बोलतील का, आपल्याला बोलायला लावलं तर काय बोलावं, हेच त्याचं चाललं होतं. गुरुवारी तिने त्याचा टाय बांधून दिला. गाठ दोनदा सुटली.

हॉल भरला होता. आजूबाजूच्या गावांतले गळ टाकणारे हौशी लोक आले होते, त्यांना लिडनांचं काही ठाऊक नव्हतं. साहेब तरुण होता, गोड बोलायचा. त्यालाही कुणी काही सांगितलेलं दिसलं नाही. त्याने पडद्यावर नदीचा नकाशा दाखवला. एकेका ओढ्याला एकेक रंग होता, आणि सगळ्या रंगांमध्ये स्रूहान एकटा लालभडक. कीवा भिंतीशी उभी होती आणि डेलियाकडे बघत होती. डेलियाने मान हलवली, नाही सांगितलं अशी. कीवाने डोळे मिटून घेतले.

"मंडळी, हे मासे मूळचे या ओढ्याचेच," साहेब सांगत होता. "हजारो वर्षं ते इथे आहेत. मधल्या काळात बाहेरून आणून सोडलेल्या पिल्लांचा यांच्यात अंशही नाही. आपण काही केलं नसतं तरी ते टिकलेच असते. याहून आनंदाची बातमी ती कोणती?"

मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. त्या पुढे सरकत आल्या, आणि गावच्या माणसांपर्यंत येता येता अडखळल्या, कारण तोवर त्यांना बोलण्याचा अर्थ कळला होता. एकेक हात थांबत गेला. फेस्टी मात्र वाजवत राहिला. पहिल्या रांगेत ताठ बसून, राठ हातांनी, सगळे थांबले तरी तो टाळ्या वाजवतच होता. डेलियाने त्याच्या बाहीला हात लावला तेव्हा तो थांबला आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिला.

चहाच्या वेळी लोक त्याच्याभोवती आले, पण कुणाला काही सुचेना. पॅकी लव्हेलने सँडविच त्याच्या हातात कोंबलं. "सोड रे," तो म्हणाला. "यांचं शास्त्र ते काय. आपल्या लहानपणी लोणी चांगलं होतं, मग लोणी वाईट झालं, आता पुन्हा चांगलं आहे म्हणे. पाच वर्षांनी येतील आणि म्हणतील, सगळे फेस्टीचेच मासे."

"नाही रे," फेस्टी म्हणाला. "पोरीने नीट केलंय काम. मी बघितलंय तिला करताना."

 घरी जाताना गाडीत, चर्च मागे पडल्यावर तो म्हणाला, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"सोमवारपासून."

"सांगणार होते, फेस्टी."

"टाय मात्र छान बांधलास," तो म्हणाला. 

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फेस्टी भांडला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखा उठायचा, ट्रे बघायचा, मेलेली अंडी काढायचा, कारण अंड्यांना अहवालाचं काय ठाऊक. ती आपली वाढतच होती. गावाचं वागणं तर तिला त्याहून जड गेलं. इतकी वर्षं कहलचं नाव येता-जाता कानावर पडायचं. माशांच्या निमित्ताने का होईना, दुकानात, पोस्टात, मिस्साच्या दाराशी ते घेतलं जायचं. आता ते एकाएकी थांबलं. कुणी नदीबद्दल बोलत असलं आणि डेलिया आत आली तर विषय बदलायचा. दयेपोटीच करत होते बिचारे. पण मुलाचं दुसऱ्यांदा मयत व्हावं आणि या वेळी कुणी भेटायलाही येऊ नये, तसं तिला वाटायचं.

एप्रिलमध्ये अंडी फुटली, पिल्लं पोहू लागली. त्यांचं काय करायचं ते कळवलं होतं: ज्या पाण्यातून त्यांचे आईबाप धरले त्याच पाण्यात सोडा. म्हणजे बंधाऱ्याखाली. फेस्टीने बादल्या गाडीत चढवल्या तेव्हा डेलिया कोट घालून बाहेर आली.

"तू कुठे?"

"तुझ्या गुडघ्यांना झेपणार आहेत का त्या बादल्या?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. पुलावर ती हजारदा उभी राहिली होती, पण कहल गेल्यापासून खाली काठावर एकदाही उतरली नव्हती. त्याने दार उघडून दिलं.

काठावर पिवळी फुलं आली होती. पाणी उथळ होतं, कमरेएवढंही नसेल. यात माणूस बुडतो हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. फेस्टीने बादली टेकवली आणि तिने विचारायच्या आतच हाताने दाखवलं. "मी इथे होतो. तो तिथे, त्या काळ्या दगडापाशी."

ती त्या दगडाकडे बघत राहिली.

"तू मला आधी सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "हॉलमध्ये मी टाळ्या वाजवल्या, डेलिया. माझा मुलगा फुकट गेला असं तो माणूस सांगत होता, आणि मी टाळ्या वाजवल्या."

 ती खाली बसली, एक बादली कलती केली आणि पिल्लं हळूहळू पाण्यात जाऊ दिली. तोही गुडघे धरत तिच्याशेजारी बसला. पिल्लं लगेच लांब गेली नाहीत. काठाच्या संथ पाण्यात गवताच्या काड्यांसारखी अधांतरी राहिली.

"त्याला मी म्हटलं होतं, चल घरी, पाणी चढतंय," फेस्टी म्हणाला. "तर म्हणाला, एवढं एक ओढू, पण मग रात्री गाडी देशील का? नाचाला जायचं होतं त्याला. ती कोण ती, दवाखान्यात कामाला होती..."

"नोरीन."

"नोरीन. तो माशांसाठी आलाच नव्हता. गाडीसाठी आला होता."

"त्याला कुठे आवडायचे मासे," डेलिया म्हणाली. "शुक्रवारी ताटातला मासा टेबलाखालून कुत्र्याला द्यायचा."

"मला दिसायचं ते."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"कुत्रा खूश असायचा," फेस्टी म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम विसकटला. त्याने दोन्ही ओले हात तोंडावर घेतले. डेलिया त्याला टेकून बसली. तीही रडली, पण थोडं. पुलावरून एक दुधाची गाडी गेली. मग त्यांनी दुसरी बादली रिकामी केली.

त्या आठवड्यात फेस्टीने झऱ्याचं पाणी बाजूने वळवलं आणि शेड बंद केली. ट्रे कुणी मागितले नाहीत, ते तिथेच पडून गंजले. आपण केलं त्याचा ओढ्याला त्रासच झाला, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. शहाण्या माणसांनी समजावलं, तुला काय ठाऊक होतं, तेव्हा सगळेच तसं करत. तो मान डोलवायचा. स्रूहानच्या बाजूला मात्र तो पुन्हा कधी फिरकला नाही. कीवाने दोनदा बोलावलं, या, वरचे मासे दाखवते, तर म्हणाला, नको पोरी, त्यांना आता सुखाने राहू दे.

एक बदल झाला. जेवताना ते दोघे कहलबद्दल बोलू लागले. त्याने गाडीला पाडलेला पोचा, परीक्षेच्या निकालाबद्दल मारलेली थाप, नोरीनला पाठवायची फुलं दुकानात डेलियाच्या नावावर मांडून ठेवली होती ते. कहल एवढी वर्षं गावाचा झाला होता, माशांसाठी जीव दिलेला गुणी मुलगा. आता तो घरी आला होता, होता तसा. पण उशीर झाला होता. दोन हिवाळे त्यांना मिळाले. तिसऱ्याच्या तोंडाला फेस्टीची छाती भरली आणि तो दवाखान्यातून परत आलाच नाही.

मयताला कीवा आली. माणसं पांगल्यावरही मागे राहिली, कप धुतले, खुर्च्या उचलून ठेवल्या. डेलिया चुलीपाशी बसून तिच्याकडे बघत होती. जे आठवायला कालपर्यंत दोन माणसं होती, त्याला आजपासून एकच उरलं, हे तिच्या मनात एकसारखं येत होतं.

कीवा हात पुसत तिच्यासमोर येऊन बसली. काही वेळाने म्हणाली, "डेलिया, मी कधी विचारलं नाही. कहल कसा होता हो?"

"आळशी," डेलिया म्हणाली, आणि किटली चुलीवर ठेवायला उठली.